उर्सुलाचे शिकारी पक्षी

शिकारी पक्ष्यांच्या संगतीत शनिवार-रविवार काढले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पिसांसारखे कपड्यांना चिकटून घरी येतात. सोमवारी जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी पोचले की पहिला प्रश्न ठरलेला, "मीनल, या वेळी कुणाचं काय पळवलं?"

आठवडाभर मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सुट्टीच्या दिवशी मात्र अर्ध्या तासावरच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात शिकारी पक्ष्यांचा शो असतो, तिथे हौसेने मदतीला जाते. पक्षी उडवते ती उर्सुला. साठी उलटलेली, बोलणं अगदी मोजकं. आता माईक माझ्याकडे असतो, पण सुरुवात झाली ती बादलीपासून.

*

पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात बादली ठेवली. आत मेलेली कोंबडीची पिल्लं! आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या शेगडीवर उकडायचे.

"उर्सुला, मी शाकाहारी आहे," मी डोळे मिटून म्हणाले.

"गेनाऊ! उत्तम!" ती म्हणाली. "म्हणजे पक्ष्यांचं जेवण पक्ष्यांनाच मिळेल."

*

आमची घार हवेत फेकलेला मांसाचा तुकडा वरच्या वर झेलते. म्हणून शोच्या आधी मी माईकवरून बजावते, "कृपया आता काही खाऊ नका." एका रविवारी तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी नेमका तेव्हाच ब्रेडमध्ये मांसाचा जाड काप घातलेला खाऊ तोंडाशी नेला. घार आली, काप उचलला, ब्रेड त्यांच्या हातात तसाच!

शो संपल्यावर ते लालबुंद होऊन आले. "हा काय प्रकार आहे? अहो, आत्ता कुठे मी त्याला मस्टर्ड लावली होती!"

उर्सुलाचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही माफी मागणार.

"मस्टर्ड?" ती ओरडली. "किती?" आणि घारीकडे पळत सुटली.

*

एकदा ससाणा शो अर्धवट टाकून निघून गेला. त्याच्या पायातल्या ट्रान्समीटरमुळे पत्ता लागला, शेजारच्या बागेतल्या एका झोपडीच्या छपरावर. आम्ही दोघी धावत गेलो. पठ्ठ्याने बहुतेक उंदीर हाणला होता, आमच्या हातातल्या मांसाकडे बघेना. उर्सुलाने शिट्टी तोंडात धरली, तेवढ्यात झोपडीतून एक आजोबा बाहेर आले.

"तीन वाजेपर्यंत रुहेत्साइट आहे," ते म्हणाले. म्हणजे दुपारची शांततेची वेळ. या देशात त्या वेळेवर वाद घालत नाहीत.

मग काय! वर ससाणा, खाली आम्ही दोघी, मध्ये घड्याळ बघत उभे आजोबा. चाळीस मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही. तीनच्या ठोक्याला आजोबा म्हणाले, "आल्झो, चला, वाजवा आता."

शिट्टी वाजली, ससाणा आला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, पण हळू.

*

उर्सुलाचं कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या गरुडाने अन्न सोडलं. आम्ही आळीपाळीने आर्जवं केली, पण तो मान फिरवून बसायचा. पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून तिचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठे दोन घास गेले. महिन्याने ती कुबड्या घेऊन कुरणाच्या टोकाशी उभी राहिली, आणि साहेब तीरासारखे सुटून तिच्या खांद्यालगतच्या कुंपणावर येऊन बसले.

मी डोळे पुसत म्हणाले, "बघ, किती प्रेम आहे!"

"प्रेम कसलं?" उर्सुला म्हणाली. "हट्टी आहे नुसता." पण एक कुबडी तिने झाडाला टेकवली आणि बराच वेळ पाठ फिरवूनच उभी राहिली.

*

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे आले होते. साताऱ्याकडच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली. त्यांना मी पुढच्या रांगेत बसवलं.

शोच्या शेवटी गिधाड येतं. ते इतक्या खालून गेलं, की पंखाच्या वाऱ्याने बाबांचे केस उडाले. आजूबाजूचे किंचाळले, बाबा हलले नाहीत. मी माईकवर माझी नेहमीची पाठ केलेली जर्मन वाक्यं म्हटली आणि शो संपला.

सगळे गेले तरी बाबा बसूनच होते.

"मीनल, तू मघाशी 'इंडियन' म्हणालीस. मग डायक्लोफेनॅक म्हणालीस. काय सांगत होतीस?"

मी सांगितलं. भारतात गुरांना ते औषध द्यायचे. ती गुरं मेली की गिधाडं खायची, आणि त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. काही वर्षांत आभाळ रिकामं झालं. तीन वर्षं मी हे दर रविवारी म्हणत होते. बाबा गुरांचे डॉक्टर होते, हे त्या वाक्याशेजारी कधी ठेवून पाहिलंच नव्हतं.

बाबा म्हणाले, "ताप आला, सूज आली, की मी तीच सुई द्यायचो. लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे." मग उर्सुलाकडे बघून, "बाईंना सांग."

"बाबा, तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"ते नको सांगूस. मी द्यायचो, एवढंच सांग."

मी सांगितलं. उर्सुलाने आपला चामड्याचा हातमोजा काढला, बाबांच्या हातात चढवला, त्यावर मांसाचा तुकडा ठेवला आणि बाजूला झाली.

गिधाड कुरणातून चालत आलं. बाबांच्या पुढ्यात थांबलं, मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं, आणि तुकडा उचलला. बाबा वाकून त्याला निरखत राहिले. डोळे, चोच, पंख, मग पाय.

"मीनल," ते हळूच म्हणाले, "हा डावा पाय जपून टाकतोय. बाईंना विचार, कधीपासून?"