गच्चीवरच्या बारची पाहणी

नातेवाइकांनी बाईंचं नाव 'तपासनीस' ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर घ्यायलाही कोणी कचरत नसे. कुणाचं लग्न असो की कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, बाई आदल्या दिवशी हॉलवर हजर. मागचं दार कुठे उघडतं, गाड्या कुठे लावतात, पुरुषमंडळी 'जरा हवेवर जाऊन येतो' म्हणतात ती नेमकी कुठल्या हवेवर जातात, हे सगळं बघून ठेवायचं. मग समारंभाच्या दिवशी खुर्ची अशी धरायची की नवऱ्याला उठायचं झालं तर त्यांना ओलांडूनच जावं लागेल. नवरा पूर्वी पीत असे. थोडीथोडकी नव्हे, घराची पार रया गेली होती. दहाएक वर्षांपूर्वी त्याने सोडली आणि सोडली ती सोडलीच. बाईंचा पहारा मात्र काही सुटला नाही. सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरीने कुठल्या रंगाचे कपडे घातले होते, हे त्यांना आजही सांगता येत नाही. नवरा कितीदा पाणी प्यायला उठला, ते विचारा.

नवऱ्याचं पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. प्यायच्या दिवसांत हात थरथरायचे, त्यामुळे तारही तुटायची आणि गिऱ्हाईकही. आता दुकान बरं चाललं होतं. बाई एका लाँड्रीच्या काउंटरवर बसत. आलेला कपडा उलगडून त्यावरचा डाग कशाचा आहे हे नाकाने आणि बोटाने ठरवणं, हे त्यांचं काम. शर्ट हुंगला की मालकाची कालची संध्याकाळ कशी गेली ते त्यांना कळे, आणि त्याबद्दल त्या चकार शब्द काढत नसत.

अशा घरातल्या एकुलत्या एका लेकीने नोकरी कुठे धरावी? बारमध्ये. गावातल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर हा बार होता आणि तिथे काउंटरमागे उभं राहून लेक लोकांचे ग्लास भरत होती. हे कळलं तेव्हा बाईंनी बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. "जगात दुसरं काम उरलं नव्हतं का?" असं त्या भिंतीला विचारत. नवऱ्याला या बाबतीत बोलायला तोंडच नव्हतं, असं बाईंचं स्पष्ट मत होतं.

आता लेक काउंटरची प्रमुख झाली. मालक म्हणाला, शनिवारी संध्याकाळी घरच्यांना बोलाव, माझे पाहुणे म्हणून. लेकीने आईला फोन केला.

"तुम्ही दोघं या. एवढ्या वर्षांत माझं काम तुम्ही एकदाही बघितलं नाहीत."

"बघू," बाई म्हणाल्या.

"बघू म्हणजे नाही, असंच ना?"

"बघू म्हणजे बघू."

म्हणजे आधी स्वतः जाऊन बघू, हा त्यातला अर्थ होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी लाँड्रीतल्या सोबतिणीला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि त्या निघाल्या. लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे होते. तीन-तीन तपासनीस आपल्याकडे रोखून बघताहेत हे त्यांना मुळीच आवडलं नाही. वर गच्चीवर शुकशुकाट होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक माणूस फरशी पुसत होता. बाईंनी त्याला "मी पाहुणी आहे" एवढंच सांगितलं आणि कामाला लागल्या.

काम सोपं नव्हतं. हॉलमध्ये बाटली लपवलेली असते, म्हणून लपायच्या जागांवर नजर ठेवली की भागतं. इथे काउंटर गच्चीच्या मधोमध, चारी बाजूंनी उघडा, आणि मागच्या फळ्यांवर बाटल्याच बाटल्या. लपवायचंच काही नव्हतं, तर पहारा ठेवायचा कुठे? बाईंनी एकेक खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसून पाहिलं. प्रत्येक खुर्चीवरून काउंटर दिसत होता. कोपऱ्यातल्या खांबाआडून दिसत नव्हता, पण उष्टे ग्लास आत न्यायचं दार तिथेच होतं, आणि त्या दाराला आदल्या रात्रीचा वास चिकटलेला होता. हा वास बाईंच्या उशीला कितीतरी वर्षं येत होता.

"झाली पाहणी?"

लेक मागे उभी होती. कामावर लवकर आली होती. चिडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती चिडलेली दिसत नव्हती.

"आई, बाबांना मी इथे त्यांच्या वाइटासाठी बोलावतेय असं वाटतं का तुला?"

"तसं नाही गं. पण इथं जिकडे बघावं तिकडे तेच आहे."

"आहेच. बार आहे हा." लेकीने एक खुर्ची उगाचच पुन्हा सरळ केली. "नाही आलात तरी चालेल. पण बाबांचा गुडघा, कुणाचं आजारपण, असलं काही सांगू नका. यायचं नाही, एवढंच सांगा. म्हणजे मी पुन्हा बोलावणार नाही."

बाई लिफ्टने खाली आल्या तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. लेक रुसेल. रुसू दे. रुसलेली लेक परत येते. नवरा एकदा घसरला की त्याला परत आणायची ताकद आता आपल्यात नाही, हे त्या स्वतःशी अगदी उघड कबूल करत होत्या.

संध्याकाळी त्या थेट दुकानात गेल्या. नवरा एका मोटारीवर तार गुंडाळत होता.

"जाण्यासारखी जागा नाही हो ती," बाई म्हणाल्या. "वारा फार, खुर्च्या टोचतात, आणि बघायला काय, तर लोकांच्या घरांची छपरं."

"तू जाऊन आलीस तर."

"हो."

"काउंटर कुठे आहे?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "मधोमध," त्या म्हणाल्या.

त्याने तारेचं टोक दाताने धरलं, उरलेली तार गुंडाळून संपवली आणि मोटार बाजूला ठेवली. "मी जाणार," तो म्हणाला.

दारू सोडल्यापासून 'तू म्हणशील तसं' हे त्याचं एकच उत्तर असे. बाईंना या उत्तराची इतकी सवय झाली होती की दुसरं काही ऐकल्यावर त्यांना क्षणभर कळेचना.

"आणि नाही जमलं तर?"

"मला काय भीती वाटत नाही, असं वाटतं तुला? पण पोरीला काय सांगू? तुझा बाप तुझ्या कामाला घाबरतो म्हणून?" मग म्हणाला, "तुझ्या जिवाला घोर नको असेल तर तू येऊ नकोस."

त्याने एकट्याने तिथे जायचं आणि आपण घरी दाराकडे डोळे लावून बसायचं! त्यापेक्षा गेलेलं बरं, असं म्हणत बाई शनिवारी निघाल्या.

लेकीने कठड्याजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. खाली सगळं गाव दिव्यांनी लखलखत होतं म्हणे. बाई गावाकडे पाठ करून नवऱ्यासमोर बसल्या होत्या. त्याने लिंबू सरबत मागवलं. त्याचा ग्लास येईपर्यंत बाईंच्या जिवात जीव नव्हता, आणि आल्यावर त्यांनी तो सरळ उचलून हुंगला. लेक लांबून काउंटरवरून हात हलवून गेली. शेजारच्या टेबलावर एक ट्रे आला, बर्फ वाजला, आणि नवऱ्याचा अंगठा गुडघ्यावर गोल फिरायला लागला. हा अंगठा बाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. तो असा फिरायला लागला की पुढे काय होतं, हे त्यांना पाठ होतं.

"घरी जाऊ या का?" त्यांनी विचारलं.

"आलोच जरा." तो उठला. बाईही उठायला लागल्या तसा त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस तू. प्लीज."

बाई बसल्या. तेवढ्यात कुणाचा तरी वाढदिवस निघाला, दहा-बारा जण टेबलाभोवती उभे राहिले, आणि त्यांच्या पाठींमागे नवरा दिसेनासा झाला. बाईंना बसवेना. माणसांना बाजूला सारत त्या निघाल्या, आणि तो दिसला. काउंटरच्या टोकाला, उंच स्टुलावर. समोर अजून काही नव्हतं.

काउंटरच्या मध्यावर एक टाय सैल केलेला गृहस्थ बसला होता. चेहरा लाल, आवाज चढलेला. "आणखी एक. ऐकू येत नाही का?" तो लेकीला म्हणत होता.

लेकीने त्याच्यापुढे भाजलेल्या बटाट्यांची बशी सरकवली. "आधी दोन घास खा. मग बघू," ती म्हणाली.

बाई जागच्या जागी थबकल्या. ते वाक्य त्यांचं होतं. शब्दच नव्हेत, आवाजही त्यांचाच: रागावणं नाही, विनवणं नाही, खालच्या पट्टीतलं. नवरा झोकांड्या खात घरी आला की स्वयंपाकघराच्या दारात त्या त्याला अगदी असंच म्हणायच्या.

गृहस्थ कुरकुरत बटाट्याकडे वळला. तेवढ्यात लेकीने त्याचा अर्धा भरलेला ग्लास हळूच उचलला आणि न बघता मागच्या मागे काउंटरच्या टोकाला ठेवला. बापाच्या बरोबर पुढ्यात.

बाई दोन हातांवर होत्या. नवरा ग्लासाकडे बघत राहिला. फार वेळ बघत राहिला. त्याचा हात काउंटरवर आला, ग्लासाभोवती बोटं मिटली, आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

"हा तुझा इथे राहिलाय," नवऱ्याचा आवाज आला.

बाईंनी डोळे उघडले. त्याने ग्लास लेकीच्या बाजूला सरकवून दिला होता. लेक वळली, आपण तो कुठे ठेवला होता हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, मी बघितलं नाही."

"काही झालेलं नाही." त्याने ओले झालेले हात शर्टाला पुसले. "दोन घासांचं ते कुठून आणलंस?"

लेकीने आईकडे पाहिलं. "घरूनच."

"तू तर आत झोपलेली असायचीस," बाई म्हणाल्या.

"तुम्ही दोघं फार हळू बोलायचात, आई. हळू बोललेलं जास्त ऐकू येतं."

त्या सगळ्या वर्षांत नवराबायकोचं एका गोष्टीवर एकमत होतं: पोरीला काही कळलं नाही, एवढं तरी नशीब. भांडताना ते तसं म्हणत आणि समेट करतानाही. सोडल्यानंतर नवऱ्याने बायकोची माफी इतक्या वेळा मागितली की शेवटी बाईच म्हणाल्या, पुरे आता. लेकीची एकदाही नाही. ती झोपलेली होती, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

नवऱ्याने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. "तुझी माफी मागायची राहून गेली," तो म्हणाला.

लेकीच्या हातातलं फडकं थांबलं. दोन वेटर ऑर्डर घेऊन उभे होते. पलीकडून कुणीतरी बर्फ मागत होतं.

"आत्ता नको, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "आत्ता मला काम आहे. सोमवारी सुट्टी असते माझी. घरी येते, तेव्हा मागा. पण मलाही बरंच सांगायचंय. ते सगळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल."

"ऐकेन," तो म्हणाला.

"तुलाही, आई," लेक म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बाईंनी मान डोलावली. सोमवारची रजा मागायला हवी, एवढंच त्यांना त्या घटकेला सुचलं. ग्लास परत गेला होता, आणि तरीही त्यांना भीती वाटत होती, या वेळी सोमवारची.