बापाच्या गादीतली हवा

आमच्या घरात हवा भरायची म्हणजे टणक. दुसरा प्रकार आम्हाला माहीतच नव्हता. बाप वाशीच्या बाजारात हातगाडी ओढायचा. चाकात हवा कमी असली की सगळं वजन ओढणाऱ्याच्या छातीवर येतं, हे त्यानं आम्हाला लहानपणापासून ऐकवलं होतं. चाकावर अंगठा दाबायचा. जरा जरी आत गेला तरी पंप मारायचा. तो पंप घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत दाराआड उभा असायचा, आणि बापाचं डोकं फिरलं की तोच आईच्या पाठीत बसायचा. लोक म्हणायचे, साताऱ्याकडचा गडी, लई कष्टाळू. कष्टाळू होताच. घरात हलकट होता.

आई उलट बोलल्याचं मला आठवत नाही. मीठ कमी म्हणाला की मीठ घालायची, जास्त म्हणाला की निमूट दुसरी आमटी टाकायची. माहेरी जायचं नाही म्हणाला, तर तिची आई गेली तेव्हाही गेली नाही. खरं सांगू? मला बापापेक्षा तिचाच राग यायचा.

मग एक दिवस बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी बापाच्या अंगावर आली. कंबर गेली, पायातलं बळ गेलं. अंथरुणात पडून पडून माकडहाडावर जखम झाली. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनं सरळच सांगितलं, ही हाडापर्यंत गेली तर माणूस हातचा जाईल. बाजारातल्या गड्यांनी मिळून हवेची रबरी गादी आणून दिली. बापाच्या गाडीचा पंप तिच्या तोंडाला बसत होता. सिस्टरनं मला आणि आईला हाताला धरून दाखवलं. गादी अर्धी मऊ ठेवायची, अंग तिच्यात थोडं बुडलं पाहिजे. टणक केली तर फळीवर झोपवल्यासारखंच, जखम वाढणार. आईचा तळवा गादीवर ठेवून तिनं दोनदा समजावलं. आई मान हलवत होती.

पण बाप ऐकतोय थोडाच. सिस्टर जिना उतरली नाही तोवर त्यानं गादीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. लगेच आईला शिवी, टणक भर म्हणून. मी मध्ये पडले, तर म्हणे त्या बाईनं कधी गाडी ओढलीय का? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मी घरी असेपर्यंत आमचं रोज भांडण. आई पंप मारायची, मी बूच काढून हवा सोडायची, बाप मला शिव्या द्यायचा आणि मी त्याला. घरमालकीण दारात येऊन सांगून जायची की बाय, आख्खा गाव आयकतंय. ऐकू दे की, मी काय कुणाला भिते?

पुढं मला रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. दिवसभर आई एकटी. जखम वाढायला लागली, वास यायला लागला. सिस्टर आईला फाडफाड बोलली. आई खाली मान घालून उभी. माझाच जीव तुटला. मी सिस्टरला म्हटलं, तिला नका बोलू, तिला बापाला नाही म्हणता येत नाही. ती तशीच आहे बिचारी.

एका दुपारी कंपनीतली लाइट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. खोलीच्या दाराशी आले तर आतून पंपाचा आवाज. त्यात बापाचा आवाज, पण असा मी कधी ऐकलाच नव्हता. बाप रडत होता.

"अगं, सोड जरा हवा. पाया पडतो तुझ्या."

आई पंप मारत होती. घाई नाही, राग नाही, भाकरी थापावी तशी. थांबली, त्याच्या खांद्याशी गादीवर अंगठा दाबून बघितला, आणि परत पंप मारायला लागली.

"टणकच पायजे म्हनला हुता तुमी," ती म्हणाली.

मी धावत जाऊन बूच उपसलं. हवा सुटली, गादी बसली, बाप कण्हत तिच्यात बुडाला. मी आईचा दंड धरून ओरडले, सिस्टरनं सांगितलेलं तुला कळलं नव्हतं का?

"पयल्याच दिवशी कळलं," आई म्हणाली. "जन्मभर ह्यांचंच ऐकलं. ऐकताना बरं वाटलं ते ह्ये एवढंच."

पाठीला आराम पडल्यावर बापानं मोठा श्वास घेतला. आता तरी माणसासारखं काही बोलेल असं मला वाटलं.

"बघ," तो आईला म्हणाला, "पोरीला कळतं. तुला रांडे जन्मात अक्कल न्हाई आली."

आईनं पंप माझ्या हातात दिला. तूच भर आता, तुला कळतं, म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, कंपनीतला ठेकेदार सकाळी कुठल्या गेटला बसतो. मीही येड्यासारखं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिनं केस घट्ट बांधले होते, चपला घातल्या होत्या. ठेकेदाराला दोन हातांशी मतलब, कुणाचे का असेनात. त्यानं तिला माझ्या जागेवर घेतलं.

जखम भरून आली. सिस्टर आख्ख्या गल्लीत माझ्या हाताचं कौतुक करायची. बाप त्यानंतर खूप वर्षं जगला, आणि ती सगळी वर्षं मी घरात होते.