दक्षिणेकडे पाय

दवाखान्याच्या दारात संगमरवरात आठ पाकळ्यांचं मोठं कमळ बसवलंय. त्यानं म्हणे रोग्याच्या मनाला शांती मिळते. आत वॉर्डात मात्र आईच्या खाटेचं पायथं दक्षिणेला आहे. आमच्याकडे दक्षिणेला पाय करून फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. म्हणून आई दिवसभर गुडघे पोटाशी घेऊन पडून असते.

"मावशी, ऑक्सिजनची नळी भिंतीतनं येते, खाट फिरवता येत नाही," सिस्टर म्हणाली.

घरातला पहिला पदवीधर मी. दिशाबिशा मानत नाही. पण दवाखाना बांधताना काढलेल्या नकाशात खाट म्हणजे नुसता चौकोन. तिथं निजणाऱ्याला कशाची भीती वाटते, हे कुणी विचारलंच नसेल.

"आई, पाय सरळ कर गं. आखडतील."

"राहू दे," ती म्हणाली. "ते मागनं तुम्हीच करणार आहात."