देवगावसाठी राखलेले केस

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कुणाकडं मागते तेही माहीत नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत सगळं उर्दूतून चालायचं. मराठीचा एक तास असायचा, आणि त्या तासाला बाई आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या. अजूनही कागद पुढं घेतला की हात आधी उजव्या कडेला जातो. चुकलेलं खोडत बसणार नाही, नाहीतर हे पुढं सरकायचं नाही.

केसांबद्दल लिहायचं आहे.

आमचं माळ्याचं घर. बेगमपुऱ्याच्या अंगाला वडिलांचा फुलांचा मळा होता. मोगरा, शेवंती, गुलाब. पहाटे फुलं तोडून वडील आणि भाऊ शहागंजच्या बाजारात घेऊन जायचे. पुरुषांची दाढी-डोई करायला हजाम यायचा, चिंचेखाली पोतं टाकून बसायचा आणि येणारे-जाणारे सगळे बघायचे. बायकांचं सगळं दार लावून व्हायचं. न्हाणीत, माजघरात, परसात. काजळ धरायचं तेही चुलीमागं, एरंडेलाच्या दिव्यावर ताटली पालथी घालून. ती काजळी तुपात खलायची माझी पाळी असायची.

न्हाण्याच्या दिवशी माय शिकेकाई, रिठा आणि वाळलेली संत्र्याची सालं तांब्याच्या पातेल्यात उकळायची. घरच्या विहिरीचं पाणी जड होतं, त्यानं केस चिकट राहायचे. म्हणून त्या दिवशी नहरीचं, जुन्या कालव्याचं, गोड पाणी आणावं लागे. न्हाऊन झालं की शेजारच्या मुसलमान बाईच्या घरी केस वाळवायला जायचं, तिला आम्ही खाला म्हणायचो. खाला विधवा होती, नवरीला उटणं लावायला आणि मेंदी काढायला घरोघर बोलावणं असायचं तिला. ती विस्तवावर लोबान टाकून वर टोपली पालथी घालायची आणि त्या टोपलीवर माझे केस पसरायची. "परी के बाल हैं गे तेरे," म्हणायची. मला लाज वाटायची. पण पुढच्या खेपेला ती कधी म्हणते याची वाटही बघायचे.

देवगावची माणसं मला बघायला आली तेव्हा नवऱ्या मुलाच्या आईनं मला चालायला लावलं नाही की काही वाचायला लावलं नाही. जवळ बसवून माझी वेणी सोडली, पुन्हा तीच पिळून मनगटाला वेढे देऊन बघितली आणि मायला म्हणाली, "अंगात रक्त हाय पोरीच्या. आमाला पसंत हाय."

आमच्यात मुलीकडून हुंडा देत नाहीत, मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. त्यांनी कुंकू लावलं, साडी दिली आणि देज मोजलं. किती ते लिहीत नाही, हात लाजतो. निजामाचे हाली रुपये होते. ते आमच्या घरात राहिलेही नाहीत. भावाची सोयरीक ठरलेली होती, त्याच रुपयांचं देज देऊन वहिनी घरात आली. माझं लग्न पुढच्या लग्नसराईत धरलं होतं.

वहिनी माझ्याच वयाची. आम्ही एकमेकींची वेणी घालायचो. एक दिवस तिची फणी मध्येच थांबली.

"वन्सं, हे काय वो इथं?"

"काय?"

"डोक्याला. पैशाएवढं गुळगुळीत झालंय. केसच नाय."

माय भाकरीच्या पिठाचे हात घेऊन आली, वाकून बघितलं आणि खाली बसली. चाई लागली होती. मायनं वहिनीला सांगितलं, "तोंडातून चकार शब्द काढू नको. तुझ्या माहेरीबी नाय." मग मला विचारलं, "दुखतंय का?" दुखत नव्हतं. दुखलं असतं तर आधी कळलं असतं.

त्या दिवसापासून भांग जरा डावीकडं सरकला. तिरका भांग पाडणाऱ्या मुलीला लोक नखरेल म्हणत, म्हणून पदर डोक्यावरून कधी काढायचा नाही असं ठरलं. रोज काहीतरी चोळणं सुरू झालं. माक्याचा रस, जास्वंदीची पानं, कांदा. कांद्याचा वास अंगाला बसला. भाऊ जेवताना म्हणायचा, "भाजीत कांदा नाय, मग वास कुठून येतोय?" वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. मलाही हसू यायचं, तोवर तेवढं धास्तीचं वाटत नव्हतं. मग कानामागं दुसरी चाई दिसली. विंचरताना गुंतवळ मुठी-मुठीनं निघायला लागलं.

गुंतवळ आम्ही भिंतीच्या कोनाड्यात खोचून ठेवायचो. सुया-बिब्बेवाली आली की तिला द्यायचं आणि बदल्यात सुया, फणी, मणी घ्यायचे. तिच्या लोकांत त्या केसांची गंगावणं बनत, वेणीत गुंफायला. त्या खेपेला वहिनीनं कोनाडा रिकामा केला तर सुया-बिब्बेवाली बघतच राहिली.

"कुणाचं गं माय एवढं? घरात घोडी बांधली का काय?"

माय न राहवून बोलली. कुणाला सांगू नको म्हणून तिनंच घातलेली आण तिनंच मोडली. सुया-बिब्बेवाली म्हणाली, "चाई हाय व्हय? मंग बिब्बा लाव की. सुईच्या टोकानं, कडंकडंनं नुसतं टिंब दे. आधी खोबरं चोळ."

तिनं नीट सांगितलं होतं. मी तिथंच बसले होते, मीही ऐकलं. पण मायच्या डोक्यात लग्नसराई होती. टिंबानं केस येतात तर लेपानं लवकर येतील, असं तिला वाटलं. तिनं बिब्बा सुईत टोचून दिव्यावर धरला, काळं तेल टपकलं तसं वाटीत धरलं, दोन्ही चाया भरून माखल्या आणि वरून फडकं घट्ट बांधलं. उन्हाळ्याचे दिवस. घाम आला, फडकं ओलं झालं आणि बिब्बा कपाळावर, कानावर, मानेवर ओघळला.

बिब्बा उतला. सकाळी माझे डोळे उघडेनात. तोंड सुजून पाटीएवढं झालं. डोक्याला फोड आले, ते फुटले, खपल्या धरल्या. खाला कोथमिरीचा रस आणि खोबरं घेऊन आली.

"बिब्बा? तौबा! इत्ता कायकू लगाए गे माय?"

"लगीन जवळ आलं म्हून," माय म्हणाली.

"लगीन नजीक है बोलके पोट्टी कू जला दिए तुम."

त्यानंतर मायनं बिब्बा घरात येऊ दिला नाही, गुळाच्या लाडवात घालायलासुद्धा नाही.

सुया-बिब्बेवाल्या गावोगाव फिरतात. आमच्याकडून निघालेली बाई देवगावला गेली असणार. महिना झाला नाही तोच मुलाची आई बैलगाडीतून उतरली. पाणीसुद्धा घेतलं नाही. माझा पदर मागं सारून बघितलं. खपल्या पडल्या होत्या, खाली कातडी तांबडी आणि चकचकीत होती. कपाळावर काळा डाग.

वडील म्हणाले, "औषिधानं झालंय. येतील केस."

ती बाई वाईट नव्हती, हे मला लिहिलं पाहिजे. जरा विचार करून म्हणाली, "एक वरीस थांबते. केस आले तर वाजत-गाजत नेऊ. नाय आले तर देज तेवढं परत करा."

ते वर्ष मला पूर्ण आठवतं आणि काहीच आठवत नाही. रोज सकाळी माय मला उंबऱ्यावर उजेडात बसवायची आणि डोकं बोटांनी चाचपायची. आधी लव आली. पांढरी, बाळाच्या अंगावर असते तशी. मायनं देवाला नारळ फोडला. वहिनीनं मला आरसा आणून दिला, मागं दुसरा आरसा धरून दाखवलं. त्या लवेला मी मोगऱ्याच्या रोपासारखी जपत होते. उशीला घासू नये म्हणून पालथी झोपायचे. मसुराचं पीठ आणि साय लावून कपाळाचा डाग पुसट करायचे. देवगावच्या घरात कुठल्या कोपऱ्यात शिकेकाई उकळायची, तिथलं पाणी गोड असेल की जड, असले विचार यायचे. मुलाचं तोंड मी नीट बघितलंही नव्हतं.

पावसाळा संपला आणि लव गळून गेली. दिवाळीत तिसरी चाई लागली.

वर्ष भरत आलं तशी मायनं सुया-बिब्बेवालीकडून एक गंगावण घेतलं. काळंभोर, लांब. हात लावला तेव्हा वाटलं, कोण जाणे यात माझेच केस असतील. वहिनीनं माझ्या उरल्यासुरल्या केसांत ते असं गुंफलं की मलाही कळेना कुठं काय जोडलंय. वर शेवंतीची वेणी माळली.

मुलाची आई आली, माझ्यामागं बसली आणि पहिल्यासारखीच वेणी सोडायला लागली. एकेक पेड हळूहळू सोडला. गंगावण तिच्या हातात आलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं ते गुंडाळलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि मायला म्हणाली, "हे तुमचं तुमी ठेवा. देज परत करा. आन् देज फिटंस्तवर पोर दुसरीकडं देऊ नका, पंचात जाईन मी."

मायनं तिचे पाय धरले. मी मांडीवरच्या केसांकडं बघत होते, वर बघितलं नाही.

त्याच लग्नसराईत त्या मुलानं दुसरी बायको केली. देज परत द्यायला आमच्याकडं काही नव्हतं. ते वहिनीच्या बापाकडं केव्हाच गेलं होतं. गल्लीत बायका वहिनीला टोमणे मारायच्या, "नणंदेच्या केसावर आलीस तू." ती घरी येऊन रडायची, मग मीच तिची समजूत काढायची.

आमच्या जातीत देणं फिटेपर्यंत बोली मोडत नाही. मी त्यांचीच धरली जायची. लोकांच्या दृष्टीनं ही बेडी होती. मी मात्र मनात ती धरून ठेवली होती, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. दुसरी म्हणून तरी नेतील, असं वाटायचं. दोन बायका करणारे पुष्कळ होते. म्हणून न्हाण्याचा दिवस मी कधी चुकवला नाही. माका वाटायची, तेल कढवायची, डोकं चोळायची.

"वन्सं, आता कशापायी एवढं चोळता?" वहिनीनं एकदा विचारलं.

"असंच."

मायही आता उंबऱ्यावर बसवून बघत नसे. चाया एकमेकींत मिसळल्या होत्या.

खाला मला आपल्याबरोबर लग्नघरी न्यायला लागली. तिथं पडदा असायचा, पुरुष समोर येत नसत, म्हणून मला जाता आलं. नवरीला हळद-चंदनाचं उटणं लावायचं, मेंदी भिजवायची, केस धुवून लोबानावर वाळवायचे. मुली विचारायच्या, "आपा, तुमारी शादी हुई?" खालाच उत्तर द्यायची, "हुई, हुई. सीधी बैठ." मिळेल ते ती माझ्यासाठी तिच्या पेटीत ठेवायची. घरी शिकेकाई-रिठ्याच्या पुड्या करून मी विकायची. कितीतरी वर्षं गेली. माय त्यातच वारली.

मग एका हिवाळ्यात भाऊ म्हणाला, "लोकं म्हणतात यांनी देज खाल्लं. उद्या माझ्या पोरी उजवायच्या हायत. तुझ्याजवळ किती साठलं?"

मी खालाची पेटी आणली. त्यात वडिलांचे फुलांचे थोडे, भावाचे थोडे मिळवले. भरलं. मला वाटलं होतं, थोडं कमी पडेल.

खाला म्हणाली, "अब छूट गई तू बेटी." भाऊही म्हणाला, "सुटलीस." कुठं जायला सुटले ते कुणी सांगितलं नाही. बिजवरानंसुद्धा मला विचारलं नव्हतं, आणि आता विचारणारही नव्हतं.

देज घ्यायला देवगावच्या मुलाची आई आली नाही, तीही वारली होती. तो स्वतः आला, बरोबर दोन पंच. आदल्या दिवशी मी न्हाले होते. का, ते लिहीत नाही. मी दाराआडून बघितलं. अंगानं सुटलेला, दमेकरी वाटणारा माणूस. बसल्यावर त्यानं पटका काढून घाम पुसला. त्याला पार टाळूपर्यंत टक्कल पडलं होतं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. हसू आलं नाही.

भावानं रुमालाची गाठ सोडली. त्या माणसानं रुपये एकेक करून ओट्याच्या दगडावर वाजवून घेतले. एक बद्द वाजला, तो भावानं बदलून दिला. पंचांनी विचारलं, "भरलं का?"

"भरलं," तो म्हणाला. "काय राह्यलं नाय आता." मग त्यानं पटका बांधला आणि रुपये कमरेला खोचून गाडीकडं गेला.