चांगूआत्या फक्त एकदाच गप्प बसली

माझी आत्या शांत, सोशिक, मृदुभाषी वगैरे अजिबात नव्हती.
सकाळपासून ग्रुपवर जे लिहिताय ते कृपया थांबवा.

चांगूआत्या आज सकाळी गेली. ती भांडकुदळ होती. तिचा आवाज अर्ध्या कोळीवाड्याला ऐकू जायचा आणि उरलेल्या अर्ध्याला शेजारचे सांगायचे.

आयुष्यात ती एकदाच गप्प बसली. ते सांगते, कारण ते कुणीच लिहिणार नाही.

साठचं दशक नुकतंच सुरू झालेलं.
उरणजवळच्या आमच्या कोळीवाड्यातून मुंबईला बी.कॉम. शिकणारी ही पहिली मुलगी. माझगावला मावशीकडे राहायची.

अकाउंटन्सी, ऑडिटिंग, कंपनी लॉ. वर्गातली पोरं हिला बघून नाक दाबायची.
म्हणून ही मुद्दाम पहिल्या बाकावर, पंख्याखाली बसायची.

गावात बर्फाचा कारखाना होता. लिमिटेड कंपनी. शेअर घराघरात होते, पण सगळे पुरुषांच्या नावावर. चेअरमन एक शेठ.

त्या वर्षी शेठने ठराव आणला. कारखाना त्याच्या जावयाला चालवायला द्यायचा.
म्हणजे बर्फ आधी जावयाच्या होड्यांना, उरला तर आम्हाला. आणि बर्फाशिवाय मासळी मुंबईला पोचेपर्यंत सडणार.

सभा कधी? पौर्णिमेला.

समुद्र माहीत नसलेल्यांसाठी सांगते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा आमच्या होड्या डोल जाळी लावायला बाहेर असतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याला ओढ नसते, तेव्हा सगळे घरी.
शेठ सभा कायम पौर्णिमेलाच घ्यायचा. शुभ दिवस म्हणे!

आजा, म्हणजे आत्याचे वडील, वैतागून तिला म्हणाले,
"एवरी शिकतंस, तं याला काय औषध हाय का तुज्या बुकात? नसंल तं कॉलेज बास झाला. आयशीबरोबर म्हावऱ्याची पाटी घे."

आजा बोलले की बोलले. आत्याला ते माहीत होतं.

पुढच्या लेक्चरला तिने सरांना विचारलं, "सर, मेंबरच्या जागी प्रॉक्सी म्हणून त्याची बायको आली तर चालते?"
अख्खा वर्ग हसला.
सर नाही हसले. "चालते. कुणीही चालतं. फक्त प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही, हात वर करून मतही देता येत नाही. पोल मागायचा आणि मत द्यायचं."

पोल म्हणजे नुसते हात वर करायचे नाहीत. ज्याचे जेवढे शेअर, तेवढी त्याची मतं.

आत्या गावी आली. होड्या सुटायच्या आत घरोघर फिरून प्रॉक्सीच्या फॉर्मवर अंगठे घेतले आणि मुदतीत कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिले.
शेठ ते बघून पोट धरून हसला.
"कोळणी आणि गप? एक शब्द निघू दे, सगळ्यांना बाहेर काढीन."

आता खरं सांगायचं तर त्याचं काही अगदीच चूक नव्हतं. माझी आजी गप्प बसली की घरचे तिला ताप आलाय का बघायचे.

मग तालीम सुरू झाली. आत्याने बायकांना धक्क्यावर ओळीने बसवलं आणि एकेकीला शिव्या घातल्या. जी उलट बोलेल ती बाद.
पहिल्या दिवशी सगळ्यात आधी आजी बाद झाली. स्वतःच्या पोरीकडून शिव्या कोण ऐकून घेईल?

पौर्णिमेला सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोली माळून सभेला गेल्या. चटईवर बसल्या. आत्याही, आज्यांची प्रॉक्सी म्हणून.

शेठने काय काय नाही केलं!
"खिडक्या उघडा रे, मासळीचा वास मारतोय."
कुणी बोललं नाही.
"चांगुणे, कॉलेजात मुकं व्हायला शिकवतात काय?"
आत्या गप्प.

मग तो आजीकडे वळला. ती थोरल्या मुलाची प्रॉक्सी होती. नवरा आणि मुलगा, दोघं समुद्रात.
"काय गो, येतील ना परत? का बुडले?"

उधाणात माणसं गेलेली असताना कोळणीला हे कुणी विचारत नाही.
आजीने पदर दातांत धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत्या सांगायची, "मना वाटला, आता संपला सगला."

पण आजीने तोंड उघडलं नाही.

शेठने हात वर करायला सांगितले. त्याच्या माणसांनी केले. "ठराव मंजूर!"
आत्या उठली आणि एक शब्द न बोलता पोलची लेखी मागणी त्याच्या पुढ्यात ठेवली.
शेजारी बसलेल्या त्याच्या वकिलाने ती वाचून सांगितलं, "शेठ, घ्यावा लागेल."

पोल झाला. ठराव आपटला.

शेठ कसाबसा पुटपुटला, "सभा संपली."
आजीने दातांतला पदर सोडला. "संपली ना? नक्की?"

त्यानंतर ती जे बोलली ते इथे लिहिलं तर माझं अकाउंट बंद होईल.

होड्या परत आल्या. आज्यांनी किनाऱ्यावरच सगळं ऐकून घेतलं. मग पाटीतला सगळ्यात मोठा पापलेट आत्याच्या हातात ठेवला आणि एवढंच विचारलं,
"कॉलेजान कदी जातंस?"

ती बी.कॉम. झाली. मग आयुष्यभर ऑडिट करत, चेअरमन लोकांच्या मानगुटीवर बसत जगली. मला तिचा अभिमान आहे. तिला भांडकुदळ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

आज संध्याकाळी शोकसभा झाली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."
कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका माना खाली घालून गप्प. मला ते बघवेना.

मी मोठ्याने म्हटलं, "सभा संपली."


मग मागून एक म्हातारी ओरडली, "चांगूबाय गो!" आणि मग सगळ्याच.

आत्या, गप्प राहून तुला निरोप देणं आम्हाला जमलं नाही.
आवाज पोचला असेलच.