मास्तरांच्या नावावर गेलेली किंकाळी

माणूस घाबरतो कसा, या विषयात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांइतका अधिकारी पुरुष कल्याणात आधी झाला नाही आणि पुढेही होईलसं वाटत नाही. हायस्कुलात ते विज्ञान शिकवत, पण ते पोटासाठी. खरा अभ्यास भुताखेतांच्या आणि खुनाबिनाच्या सिनेमांचा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. लोक रेशनच्या रांगेत उभे राहून थकत आणि विश्रांती म्हणून तिकिटाच्या रांगेत उभे राहत. मास्तर असा प्रत्येक सिनेमा तीनदा बघत. एकदा पडदा, एकदा प्रेक्षक आणि एकदा डोळे मिटून नुसता आवाज. प्रेक्षक बघायच्या दिवशी ते खुर्चीत उलटे बसत, आणि मागच्या रांगेला पडद्यावरच्या भुतापेक्षा टक लावून पाहणारे हे गृहस्थच भेसूर वाटत. एकदा त्यांनी शेजारच्या भुसाऱ्याचं मनगट नाडी मोजायला धरलं. तो दुसऱ्या हाताने खिसा दाबून "मेलो, मेलो" करत उठला. मास्तरांनी वहीत लिहिलं: नाडी फार जलद, परंतु कारण मी.

भुतांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "पांढरी साडी, तीही कडक इस्त्रीची," ते म्हणत. "हवेलीत शंभर वर्षं माणूस फिरकला नाही म्हणतात, मग ही बाई कपडे धुवायला टाकते कुठे?" भूत गाऊ लागलं की ते मोठ्याने जाहीर करत, "दोन अंतरे होईपर्यंत कुणाच्या जिवाला धोका नाही, ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या." निम्मी रांग उठून जाऊन येत असे. डोअरकीपरने त्यांना दोनदा बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा मास्तरांनी त्याला आपला सिद्धान्त समजावून सांगायला घेतला, तेव्हा तोच बाहेर गेला.

सिद्धान्त असा: "भूत आलं की भीती संपली. येणार येणार म्हणून जे येत नाही, ते खरं. दिग्दर्शकाला वाटतं, तो भिववतो. अरे, तो फक्त दार दाखवतो. दारापलीकडचं आपण घरून घेऊन गेलेलो असतो." याचे प्रयोग ते घरीही करत. संध्याकाळी शाळेतून आले की आपल्याच दारावर एक टकटक करायची आणि हातात घड्याळ धरून गप्प उभं राहायचं. आतून काकूंचा आवाज येई, "दार उघडंच आहे, या. आणि येताना ती बादली आणा." वीस वर्षांच्या संसारात काकू एकदाही घाबरल्या नाहीत, ही त्यांच्या शास्त्राची मोठी खंत होती.

आता जे इतकी वर्षं टाळलं ते सांगतो. मला ठाण्याची एक मुलगी सांगून आली. मी ती पाहिली आणि तिच्यावाचून दुसरं काही दिसेना. तिचे वडील निवृत्त फौजदार. पत्रिकेचं त्यांना काही नव्हतं. अट एकच, जावई भित्रा नको. मी कचेरीतला कारकून, अंधारात मोरीपर्यंत जायचं तर रामरक्षा म्हणणारा. पण बैठकीत बोलून गेलो की भुतांचे सिनेमे मला पोरखेळ वाटतात. "मग रविवारी इथे ठाण्यातच तीनच्या खेळाला जाऊ," फौजदार म्हणाले. मी मास्तरांना वडीलधारे म्हणून बरोबर घेतलं आणि दोघांच्या मध्ये बसवलं.

मध्यंतरापर्यंत मास्तरांच्या इस्त्रीने मला तारलं. मग पडद्यावर एक लांब बोळ आला. टोकाला दार. दाराची कडी हळूहळू वर उचलली जाऊ लागली. संगीत थांबलं. मास्तरसुद्धा गप्प झाले. आणि नेमकं तेव्हा रीळ तुटलं. पडदा कोरा, पांढरा. त्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी किंचाळलो. खाडीपलीकडे कळव्यात ऐकू गेलं असेल.

दिवे लागले. "कोण ओरडलं?" फौजदारांनी नोकरीतल्या आवाजात विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मास्तर उभे राहिले आणि बाहीने कपाळ पुसत म्हणाले, "मी. माफ करा, काळीज जरा नाजूक आहे." फौजदार त्यांच्या आडून वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही मात्र जागचे हलला नाहीत हो." हललो नव्हतो हे खरं. पाय गेले होते.

लग्न झालं. त्याच सुमारास, चार वर्षं अर्ज केल्यावर, वाचनालयाने मास्तरांचं 'भीतीचं शास्त्र' हे व्याख्यान ठेवलं. त्या खेळाला कल्याणहून आलेली बरीच मंडळी होती, आणि जी नव्हती त्यांना त्यांनी सांगितलं होतं. सभागृह तुडुंब. मास्तर उठून म्हणाले, "भीती ही," आणि मागून कुणीतरी किंचाळलं. पुढे प्रत्येक वाक्याला एक किंकाळी. कोऱ्या पडद्याला भ्यालेला धडधाकट माणूस, असा पुरावा जगात कुठल्या शास्त्रज्ञाला मिळाला नसेल. तो पुरावा लग्नातला कोट घालून सासऱ्यांशेजारी तिसऱ्या रांगेत बसला होता. मास्तरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, कागदांची घडी केली आणि मागच्या मंडळींना म्हणाले, "आवाज ठीक आहे, वेळ चुकते. थोडं थांबायला शिका." लोक हसले. सासरे हसले. मीही हसलो. त्यानंतर मास्तर फळ्याकडे वळले की वर्गात पोरं किंचाळत, ते थेट ते निवृत्त होईपर्यंत. व्याख्यान पुन्हा कुणी ठेवलं नाही.

लग्नानंतर आम्ही बिऱ्हाड हलवलं होतं; सासरे वारल्यावर कधीतरी मी धीर करून मास्तरांकडे गेलो. मास्तर गॅलरीत बसले होते. म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी थेटरात..."

त्यांनी हात वर केला. "थांब. दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायचास. वाटायचं, आज बोलणार. ताट ठेवून जायचास. कुठल्या सिनेमाने मला इतकं ताणलं नाही रे."

"मग आता सांगतोच."

"सांगितलंस की संपलं."

"अहो, बोलू द्या त्याला एकदाचं," काकू आतून म्हणाल्या.

मास्तर नुसते हसले. बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चहा घेतला, तब्येतीचं विचारलं आणि जिना उतरलो. कोपऱ्यावरून वर पाहिलं. मास्तर कठड्याला धरून उभे होते. हात हलवत नव्हते. मी मागे फिरतो की काय, एवढंच बघत होते. मी फिरलो नाही. घरी पाहुणे यायचे होते.