पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

"छ्या! घाण आकडा हाय ह्यो," असं म्हणत मिस्त्री चिंधीला हात पुसायचे. आकडा असायचा कागदावर. हाताला काही लागलेलं नसायचं, तरी पुसायचे.

कागलच्या एमआयडीसीत आमचा गिअरचा कारखाना. मी क्वालिटीत, मिस्त्री दाते पाडायच्या जुन्या मशीनवर. तिरक्या दातांचं काम आलं की डिझाइनवाले एक सहा अंकी आकडा देत. त्याचे अवयव पाडायचे आणि तेवढ्या दातांची चाकं मशीनला जोडायची. सगळ्यांत मोठं चाक शंभर दातांचं. म्हणजे शंभराच्या आत फुटेल तो आकडा गुणी, बाकीचे घाण. तुम्ही-आम्ही मोबाईल काढला असता. मिस्त्री नुसते डोळे मिटायचे. चहाच्या टपरीवर त्यांनी माझा फोन नंबरसुद्धा फोडून पाहिला होता. "अकरानं जातोय की! वाईट न्हाय." माझ्याबद्दल त्यांनी काढलेले तेवढेच बरे शब्द.

एकदा आला ५,१०,५११.

"एकोणीस, सत्त्याण्णव आणि दोनशे सत्त्याहत्तर," डोळे उघडून मिस्त्री म्हणाले. "दोनशे सत्त्याहत्तरचं चाक काय माझ्या डोस्क्यावर बशिवणार?"

मग त्यांनी आकड्यातून एक वजा केला आणि त्यांचं तोंड फुललं. "साहेब, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा! सगळी भावंडं एका पंगतीला बसल्यात बघा!" त्यांचे गुणाकार करून त्यांनी अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर आणि पंच्याऐंशी दातांची तीन चाकं जोडली. पाच लाखांत एकाचा फरक, आमच्या मोजायच्या यंत्रालाही दिसला नाही. गिअर अव्वल निघाला. सेटिंगच्या वहीत मिस्त्रींनी ५,१०,५१० लिहिलं.

ऑडिटवाल्यांनी नेमकं तेच पान उघडलं. डिझाइनच्या नकाशात शेवटी अकरा, वहीत दहा. नवे मॅनेजर तणतणत आले. गिअरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"अकरा करा आणि सही ठोका. विषय संपला."

"लावलंय दहा. अकरा कसं लिवू?"

"एका आकड्यासाठी नोकरी घालवणार, मिस्त्री?"

"मशीनला एकाचा फरक चालतोय, म्हणून केला. वहीत खोटं कुणाला चालतंय?"

मॅनेजरांनी तिथंच त्यांचा गेटपास काढून घेतला. एवढा जाणता माणूस, आणि पाढेसुद्धा न येणाऱ्यानं त्याला हाकललं! त्या मॅनेजरची मला आजही किळस येते. पण त्या वेळी मी बाजूलाच उभा होतो. 'साहेब, मिस्त्रींचं बरोबर आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी बुटांकडे बघत राहिलो.

दोनशे सत्त्याहत्तरचं चाक पुढं कुणी आणलं नाही. मशीनवर अजून मिस्त्रींचीच तीन चाकं फिरतात आणि गिअर चोख निघतात. वहीत मात्र प्रत्येक वेळी ५,१०,५११ लिहिलं जातं. अक्षर माझं. खालची सहीही माझीच.